तात्पुरता युद्धविराम कोणाच्या पथ्यावर पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-भुसावळच्या अभ्यासिकांतली मुलं, रावेर-यावलचे केळी बागायतदार, धुळे-नंदुरबारकडे सुट्टीवर आलेले जवान आणि त्यांच्या घरचे. कुठेही युद्धविरामाची बातमी झळकली की यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एका ठिकाणी आणले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत माझं मत आलं आहे, ते मत म्हणूनच वाचावं.

१. तात्पुरता युद्धविराम म्हणजे युद्ध संपलं असं समजायचं का?

नाही. ठरलेल्या मुदतीपुरता किंवा ठरलेल्या भागापुरता गोळीबार थांबवायचा, एवढंच त्यात असतं. सीमा कुठे असेल, गुन्हा कोणाचा, भरपाई कोण देणार, यातलं काहीही त्यात सुटत नाही. सैन्य आहे तिथेच असतं, फक्त बंदुका गप्प असतात. मुदत कधी काही तासांची असते, कधी काही आठवड्यांची.

२. मग शस्त्रसंधी आणि शांतता करार हे वेगळे कसे?

पहिल्या महायुद्धाच्या तारखा बघा, उलगडा होईल. ११ नोव्हेंबर १९१८ ला जर्मनीशी शस्त्रसंधी झाली. ती फक्त ३६ दिवसांची होती आणि नंतर वेळोवेळी वाढवत नेली. युद्ध कागदोपत्री संपवणाऱ्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्या २८ जून १९१९ ला. कोरियात यातली पहिली पायरी झाली, दुसरी झालीच नाही. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, तह आजवर नाही. परीक्षेला बसणाऱ्यांनी कोरियाचं उदाहरण लक्षात ठेवावं, फरक विचारला की तेच सगळ्यात कामाला येतं.

३. भो, सरळ सांगा: थांबल्याचा फायदा कोणाला होतो?

थांबलेल्या दिवसांत ज्याची ताकद जास्त वेगाने वाढते, त्याला. कोण बरोबर आणि कोण चूक याचा याच्याशी संबंध नाही. मैदानात जो पुढे सरकतोय त्याचा जोर तुटतो. ज्याची कुमक वाटेवर आहे त्याला उसंत मिळते.

१९४८ चं पॅलेस्टाइन हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. इस्रायलची घोषणा झाली, शेजारची अरब सैन्यं आत शिरली आणि पहिले काही आठवडे नव्या राष्ट्राला फार जड गेले. जेरुसलेमच्या जुन्या शहरातला ज्यू मोहल्ला २८ मे ला पडला. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांनी चार आठवड्यांचा विराम घडवून आणला, ११ जूनपासून. या काळात कोणीही नवी शस्त्रं आणायची नाहीत, अशी अट होती. इस्रायलने ती अट बाजूला ठेवून चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रं आणली, माणसं भरती केली, विखुरलेल्या तुकड्यांचं एक सैन्य बांधलं. अरब सैन्यांना शस्त्रं मिळायची ती मुख्यतः ब्रिटनकडून, आणि ब्रिटनने बंदी पाळली. जुलैत लढाई पुन्हा पेटली तेव्हा दहा दिवसांत लिद्दा, रामले आणि नाझरेथ इस्रायलच्या हातात गेलं.

कागदावर अट दोघांना सारखीच होती. पण एकाकडे ती मोडायची सोय होती, दुसऱ्याकडे नव्हती. म्हणून प्रस्ताव वाचताना अट काय आहे एवढं बघून भागत नाही, ती मोडणं कोणाला सोपं आहे हे आधी बघावं लागतं.

४. प्रस्ताव मांडणारा आतून हरलेला असतो, असं आमचे आप्पा म्हणतात. खरं का?

अर्ध खरं. मार खाणाऱ्याला थांबण्याची घाई जास्त असते, यात शंका नाही. पण जिंकणाराही विराम देतो, आणि तो चांगलाच धारदार असू शकतो.

डिसेंबर १९७१. भारतीय सैन्य ढाक्याच्या दाराशी होतं. पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी युद्धविरामाची विनंती पाठवली. जनरल माणेकशॉ यांचं उत्तर असं की युद्धविराम नाही, शरणागती. मात्र सोबत त्यांनी १५ डिसेंबरच्या संध्याकाळी ५ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबवले. पुढे ती मुदत दुपारी ३ पर्यंत वाढवली. या थोड्या तासांत भारताचं काही बिघडणार नव्हतं आणि नियाझींना बळ मिळण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. १६ डिसेंबरला संध्याकाळी शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवर भारताने स्वतःहून एकतर्फी युद्धविराम केला.

आप्पांना सांगा, मागणारा आणि देणारा वेगळा करून बघा.

५. समोरचा मान्य करणार नाही हे माहीत असूनही प्रस्ताव का मांडतात?

कारण तो समोरच्यासाठी नसतोच. पैसे आणि शस्त्रं देणारा मित्रदेश, शेजारी, आपल्याच देशातली थकलेली जनता, हे त्याचे खरे वाचक. ‘आम्ही तयार होतो, त्यांनी नाही म्हटलं’ हे वाक्य मिळवण्यासाठी कितीतरी प्रस्ताव लिहिले जातात. नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तोही सरळ ‘नाही’ न म्हणता ‘हो, पण’ म्हणतो. पुढचा प्रश्न याच ‘पण’चा आहे.

६. युक्रेनने ३० दिवसांचा विराम मान्य केला, रशियाने ‘पण’ का लावला? दोघांना त्यात काय मिळणार होतं?

११ मार्च २०२५ ला जेद्दाहमध्ये अमेरिका आणि युक्रेनची बैठक झाली. युक्रेनने ३० दिवसांचा विराम मान्य केला. त्याआधी काही दिवस अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती रोखून धरली होती, ती बैठकीनंतर सुरू झाली. म्हणजे एकही तोफ थांबण्याआधीच नुसत्या ‘हो’चा युक्रेनला लाभ झाला.

दोन दिवसांनी पुतिन म्हणाले की कल्पना तत्त्वतः मान्य आहे, मग प्रश्न विचारले. या ३० दिवसांत युक्रेन नवी भरती करणार का? बाहेरून शस्त्रं येत राहणार का? सुमारे २,००० किलोमीटरच्या आघाडीवर कोणी मोडलं हे ठरवणार कोण? हे वेळकाढूपणाचे प्रश्न होते असं मला वाटतं, पण प्रश्न म्हणून ते चुकीचे नव्हते. त्या वेळी रशिया कुर्स्कमध्ये आणि पूर्वेला पुढे सरकत होता. थांबलं तर जोर त्याचाच तुटणार होता.

युक्रेनलाही तीच भीती उलट बाजूने होती, आणि ती अनुभवातून आलेली होती. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीचा दुसरा मिन्स्क करार १२ फेब्रुवारी २०१५ ला झाला, १५ तारखेला विराम लागू झाला, आणि १८ तारखेला देबाल्त्सेवे हे रेल्वे जंक्शन युक्रेनच्या हातातून गेलं. भुसावळकरांना जंक्शन जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये रशियाने ईस्टरसाठी ३० तासांचा आणि मे महिन्यात विजयदिनासाठी तीन दिवसांचा विराम जाहीर केला. इतक्या छोट्या मुदतीत कोणी सैन्य उभारत नाही. त्यांचा उपयोग प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या कामासाठीच.

७. विरामाच्या काळात दारूगोळ्याचे कारखाने बंद ठेवतात का? (वरणगावहून विचारलेला प्रश्न)

नाही. वरणगावला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, तिथे हा प्रश्न पडावा यात नवल नाही. प्रस्तावात वेगळं लिहिलं नसेल तर कारखाने, भरती, प्रशिक्षण, रस्ते दुरुस्ती, खंदक, सगळं चालू राहतं. उलट वेगाने चालतं, कारण तयार झालेला माल रोज उडून जात नाही, साठतो.

ते बंद करायचं असेल तर अटीतच घालावं लागतं, आणि ते ज्याचा वरचष्मा आहे त्यालाच जमतं. १९१८ च्या शस्त्रसंधीत जर्मनीला ५,००० तोफा आणि २५,००० मशीनगन देऊन टाकाव्या लागल्या, शिवाय विमानं, रेल्वे इंजिनं आणि पाणबुड्या. ३६ दिवसांनी पुन्हा लढायचं म्हटलं तरी लढणार कशाने? नाव तात्पुरत्या विरामाचं होतं, काम शरणागतीचं झालं.

८. विराम लागू होण्याआधीच्या तासांत गोळीबार का वाढतो?

ज्या क्षणी थांबणार त्या क्षणी आपण कुठे उभे आहोत, यावर पुढची सगळी बोलणी होतात. म्हणून शेवटची टेकडी, शेवटचा पूल हवा असतो. कोरियात वाटाघाटी जुलै १९५१ ला सुरू झाल्या आणि सह्या व्हायला दोन वर्षं लागली, त्या दोन वर्षांत एकेका डोंगरासाठी हजारो माणसं मेली. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे ५ च्या सुमारास सह्या झाल्या होत्या, विराम सकाळी ११ ला लागू व्हायचा होता, आणि मधल्या सहा तासांतही हल्ले चालू राहिले. ते मरण कोणत्याच हिशेबात बसत नाही.

९. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान थांबले, त्याचा फायदा कोणाला झाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागात येतो. आधी नोंदीत असलेलं सांगतो. पहलगामचा हल्ला २२ एप्रिलचा, ऑपरेशन सिंदूर ७ मे चं. १० मे ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून जमीन, हवा आणि समुद्र तिन्हीकडे थांबायचं ठरलं. त्या रात्रीही उल्लंघनं झाली, मग शांत झालं. याला संपण्याची तारीख नाही, असं लष्कराने नंतर स्पष्ट केलं. त्यामुळे या पानावरच्या व्याख्येत तो ‘मुदतीचा’ विराम बसत नाही.

आता फायदा. पाकिस्तानच्या हवाई तळांवरचे हल्ले थांबले, ही त्यांची सुटका. शिवाय ट्रम्प यांनी मध्यस्थीचा दावा केल्यामुळे काश्मीर पुन्हा जगाच्या चर्चेत आलं, हेही त्यांना हवंच होतं. भारताने मध्यस्थीचा दावा फेटाळला. थांबण्याच्या मोबदल्यात भारताने दुसरं काही दिलं नाही, सिंधू जलवाटप करार स्थगितच ठेवला, आणि कारवाई संपलेली नसून थांबवली आहे, अशी भूमिका घेतली. माझ्या मते दोघांनीही स्वतःला परवडेल अशा ठिकाणी हात आखडला. ‘अजून चार दिवस हवे होते’ म्हणणारे बरेच भेटतात. सीमेवर मुलगा असलेल्या घरात मात्र हे वाक्य मी कधी ऐकलं नाही.

१०. सैन्याचं राहू द्या, सामान्य माणसाला काय मिळतं?

विरामाचा हा एकच भाग असा आहे की त्यात फायदा कोणाचा हा वाद फार चालत नाही. गाझात २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०२३ हा आठवडाभराचा विराम झाला. शंभरावर ओलीस घरी आले, २४० पॅलेस्टिनी कैदी सुटले, मदतीचे ट्रक आत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथेच पोलिओच्या लसीसाठी ठरावीक भागांत, ठरावीक तास हल्ले थांबवले गेले आणि लाखो लहान मुलांना डोस मिळाले. युद्ध मात्र चालूच होतं. १९९५ मध्ये सुदानात जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने नारूच्या (पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाच्या) निर्मूलनासाठी विराम झाला आणि तो जवळजवळ सहा महिने टिकला.

नारू म्हटल्यावर सातपुड्यातल्या जुन्या माणसांना लगेच समजतं. आपल्याकडेही विहिरींच्या पाण्यातून तो व्हायचा.

असे छोटे, एका कामापुरते विराम बऱ्याचदा पाळले जातात, कारण त्यातून कोणाला टेकडी मिळत नाही.

११. बोलणी चालू असताना दगा झाला तर? आपल्या भागात असं कधी घडलंय का?

घडलंय, आणि जागा लांब नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला पोचला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला द्यायला नकार दिला. तोफा चालल्या. दुपारनंतर किल्लेदाराने बोलणी मागितली आणि तो स्वतः बाहेर आला. आतल्या अरब शिबंदीशी मात्र काय ठरलं, काय नाही, याचा घोळ राहिला. काही इंग्रज अधिकारी दिंडी दरवाजातून आत गेले, तिथे झटापट झाली आणि त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग इंग्रजांनी शिबंदी कापून काढली आणि त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी दिलं. जो माणूस आधीच ताब्यात होता त्याला आतल्या लोकांच्या कृत्यासाठी फाशी का, हा प्रश्न पुढे ब्रिटिश संसदेतही गाजला.

त्याआधीचं उदाहरण असीरगडचं. खानदेशच्या फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूरशाह वेढा चालू असताना बोलणीसाठी अकबराच्या छावणीत गेला आणि त्याला परत जाऊ दिलं नाही. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्याला अभय दिलं होतं की नाही, यावर त्या काळच्या बखरी आणि पाद्र्यांची पत्रं जुळत नाहीत.

दोन्ही ठिकाणी बोलायला बाहेर आलेल्याचंच नुकसान झालं. छोट्या बाजूला विरामाचा धोका जास्त असतो तो यामुळे.

१२. एका जवानाने गोळी झाडली तर विराम मोडला का?

१९०७ च्या हेग नियमांनुसार नाही. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने मोडलं तर दुसऱ्या बाजूला त्याला शिक्षा आणि भरपाई मागता येते, युद्ध सुरू करता येत नाही. एका पक्षाने गंभीर उल्लंघन केलं तर मात्र दुसऱ्याला विराम रद्द करण्याचा अधिकार आहे, आणि अगदी तातडीची वेळ असेल तर लगेच हल्लाही करता येतो. मुदत ठरलेली नसेल तर आगाऊ सूचना देऊन कधीही लढाई सुरू करता येते. ‘गंभीर’ म्हणजे किती, हे नियमात नाही. निरीक्षक नसतील तर ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो.

१३. विरामाची बातमी आली की सोनं उतरतं का? आणि आखातातला केळीचा कंटेनर?

जळगावचा सराफ बाजार असल्यावर हा प्रश्न येणारच. भीती कमी झाली की सोनं सहसा थोडं उतरतं, पण त्यावर विसंबून लग्नाची खरेदी लांबवू नका. भाव डॉलर, व्याजदर आणि मध्यवर्ती बँकांच्या खरेदीवरही चालतो. २०२५ मध्ये एकामागून एक विराम झाले, तरी वर्षाच्या शेवटी सोनं सुरुवातीपेक्षा कितीतरी वर होतं.

केळीचं वेगळं. आपला माल आखाती देशांत जातो, त्याला तांबडा समुद्र लागत नाही. इराणभोवती तणाव वाढला की होर्मुझच्या बाजूने भाडं आणि विमा चढतो. विराम जाहीर झाला की तेलाचा भाव त्याच दिवशी पडतो, जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल थांबले तेव्हा तसंच झालं. जहाज कंपन्या आणि विमेवाले मात्र विराम टिकतो का हे बघत बसतात. केळी तेवढी थांबत नाही.

१४. दोन्ही बाजूंना फायदा वाटला, असं कधी होतं का?

होतं, आणि तेच धोक्याचं असतं. श्रीलंकेत २२ फेब्रुवारी २००२ ला नॉर्वेच्या मध्यस्थीने सरकार आणि लिट्टे (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी संघटना) यांच्यात विराम झाला. वेळ आपल्या बाजूने आहे, असं दोघांनाही वाटत होतं. दोघांनी शस्त्रं जमवली. २००४ मध्ये पूर्वेकडचा करुणा गट लिट्टेतून फुटला आणि गणित फिरलं. जानेवारी २००८ मध्ये सरकारने विराम अधिकृतपणे संपवला, मे २००९ मध्ये लिट्टे संपली. मधली चार-पाच वर्षं लोकांनी शेती केली, लग्नं केली, रस्ता खुला झाल्यावर जाफनाला गेले. ती वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

१५. तात्पुरता म्हणून केलेला विराम कायमचा होऊ शकतो का?

हो. १ जानेवारी १९४९ च्या मध्यरात्री काश्मीरमध्ये लढाई थांबली. तेव्हा आखलेली रेषा सिमला करारानंतर थोड्या बदलाने नियंत्रण रेषा झाली आणि आजही तीच आहे. थांबण्याची जागा हीच हळूहळू सीमा बनते. म्हणून जमीन गमावलेली बाजू लांब मुदतीच्या विरामाला घाबरते. हे प्रश्न ८ शी जोडून वाचा.

१६. मुदत संपली, कोणी वाढवली नाही, तरी लढाई नाही. अशा वेळी काय समजायचं?

येमेन बघा. २ एप्रिल २०२२ ला सरकारची बाजू आणि हूथी बंडखोर यांच्यात दोन महिन्यांचा विराम झाला, दोनदा वाढला, २ ऑक्टोबरला संपला. करार राहिला नाही, पण आधीसारखं मोठं युद्धही लगेच पेटलं नाही. मोठे हवाई हल्ले थांबलेले राहिले, आघाडीवर चकमकी चालू राहिल्या. दोघांनाही पुन्हा सुरू करणं महाग वाटत होतं, एवढाच आधार. कागद असून देबाल्त्सेवे पडलं (प्रश्न ६), इथे कागद नसून आघाडी फारशी हलली नाही.

१७. पूर्ण हरत आलेल्या बाजूचा प्रस्ताव समोरचा कधी मानतो का?

स्वतःहून क्वचितच. एप्रिल २००९ मध्ये लिट्टेने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला तेव्हा ती किनाऱ्यालगतच्या छोट्या पट्ट्यात अडकली होती. श्रीलंका सरकारने तो उडवून लावला. त्या पट्ट्यात फक्त लढणारे नव्हते, हजारो सामान्य तमिळ लोकही होते आणि लिट्टे त्यांना बाहेर पडू देत नव्हती. सैन्याच्या हिशेबाने सरकारला थांबायचं कारण नव्हतं. त्या लोकांसाठी होतं, आणि ते सांगणाऱ्या बाहेरच्या देशांकडे श्रीलंकेने तेव्हा लक्ष दिलं नाही.